ड्रॅग रेसच्या गाडीत कूलंट कुठलं टाकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन हा ड्रॅग रेसचा इव्हेंट सुरू झाल्यापासून पुणे-मुंबईकडची पोरं गाड्या घेऊन क्वार्टर माइल (सरळ रेषेत साधारण ४०० मीटर) मारायला लागली आणि तेव्हापासून कूलंटबद्दल तेच तेच प्रश्न फिरत असतात. टर्बो, मॅप, टायर यावर लोक लाखो घालतात आणि रेडिएटरमध्ये काय आहे विचारलं की "असेल ना काहीतरी हिरवं" म्हणतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मुख्यतः पेट्रोल गाड्यांसाठी आहे, बाइकवाल्यांसाठी खाली वेगळं दिलंय.

थोडक्यात सांगा, काय टाकू?

गाडी रोज रोडवर चालते आणि वर्षातून एकदोनदा स्ट्रिपवर जाते, तर कंपनीने सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचं ताजं कूलंट, विषय संपला. गाडी फक्त रेसची आहे, ट्रेलरवरून येते आणि ट्रेलरवरून जाते, तर डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज रोखणारं अॅडिटिव्ह. वॉटरलेस, म्हणजे बिनपाण्याचं कूलंट बहुतेकांना लागत नाही. आणि ज्याची गाडी रांगेत उभी असताना गरम होते त्याने आधी रेडिएटरची कॅप, फॅन आणि सिस्टिममधली एअर बघावी, कूलंटचा ब्रँड सगळ्यात शेवटी.

१२-१३ सेकंदांत रन संपतो, त्यात कूलंटचा काय संबंध?

रनमध्ये फारसा नाहीच. हिशोबच करा ना. २०० बीएचपीची गाडी म्हणजे साधारण १५० किलोवॅट. फुल थ्रॉटलला पाण्यात जाणारी उष्णता ढोबळमानाने १०० किलोवॅट धरा. १३ सेकंदांत १३०० किलोज्यूल झाले. सिस्टिममध्ये सहा लिटर पाणी असेल तर ते एक डिग्री तापवायला २५ किलोज्यूल लागतात, त्यात ब्लॉक आणि हेडचं अॅल्युमिनियम धरलं की ६०-६५ किलोज्यूल. म्हणजे रेडिएटरने काहीच काम केलं नाही असं धरलं तरी अख्ख्या रनमध्ये २० डिग्रीच्या आसपास वाढ. ७० ला सोडलेली गाडी ९० ला पलीकडे पोचली, यात घाबरण्यासारखं काय आहे?

खरी परीक्षा रनच्या आधी आणि नंतर असते. डोक्यावर ऊन, पुढे पंधरा गाड्या, इंजिन चालू, गाडी पायपायभर पुढे सरकतेय, वारा नाही, खाली डांबर तापलेलं. आणि रन संपल्यावर लोक लगेच किल्ली फिरवतात, पंप बंद, पाणी जागच्या जागी उभं, आणि हेडमधली सगळी उष्णता त्या उभ्या पाण्यात उतरते. बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी जो आकडा दिसतो तो रनमधल्या आकड्यापेक्षा जास्त असतो, उकळून बाहेर येतं ते तेव्हा. म्हणून ड्रॅगसाठी कूलंट निवडताना स्पीडचा विचार डोक्यातून काढा, उभी गाडी डोळ्यासमोर आणा.

साधं पाणी चांगलं की कूलंट?

उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही, हे कूलंट विकणारेही नाकारत नाहीत. ग्लायकॉल म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, त्याचं आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण घेतलं तर लिटरमागे दहाएक टक्के कमी उष्णता मावते, उष्णतेचं वहन साधारण एक तृतीयांशाने कमी होतं आणि पातळपणाही जातो, म्हणजे पंपाला जास्त ढकलावं लागतं. ग्लायकॉलचा फायदा दोन ठिकाणी, गोठत नाही आणि थोडं उशिरा उकळतं. ५०:५० मिश्रण समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात १०७ डिग्रीला उकळतं, पाणी १०० ला. पण हे सात डिग्री तुम्हाला चांगल्या कॅपमधूनही मिळतात, त्यावर पुढे येतो.

मग सगळ्यांनी पाणीच का टाकू नये? कारण नुसतं पाणी अॅल्युमिनियम खातं, लोखंडाला गंज चढवतं, वॉटर पंपाच्या सीलला वंगण देत नाही. कूलंटच्या डब्यात ग्लायकॉलपेक्षा महत्त्वाची गोष्ट असते ती गंजविरोधी रसायनं, आणि डबा बदलायची वेळ येते ती ही रसायनं संपल्यामुळे, ग्लायकॉल तसाच्या तसा असतो. म्हणून नुसतं पाणी एका दिवसापुरतं ठीक, महिनाभर ठेवाल तर पुढच्या सीझनला ड्रेन प्लग उघडल्यावर चहाच्या रंगाचं पाणी येईल.

मधला मार्ग हवा असेल तर ७०:३०, म्हणजे पाणी ७०. आपल्याकडच्या हवेत हे मस्त चालतं. फक्त डब्यावर किमान किती टक्के लिहिलंय ते वाचा, त्याच्या खाली गेलात तर गंज रोखायला रसायनंच पुरत नाहीत. आणि प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेल्या डब्यात परत पाणी घालत बसू नका, कॉन्सन्ट्रेट आणा आणि स्वतः मिसळा.

पाणी कुठलं? आरओचं चालेल?

डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड. बॅटरीचं पाणी म्हणून जे कॅन मिळतं ते चालतं, लेबलवर डीआयोनाइज्ड किंवा डिमिनरलाइज्ड आहे ना बघा, अॅसिडचा कॅन उचलू नका. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात पण संपलेले नसतात, शिवाय बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी परत मिनरल घालतात, तेव्हा अडीनडीला ठीक. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, बादलीला आणि गिझरला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. जपानी गाड्यांचं कूलंट फॉस्फेटवालं असतं आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचं जमत नाही, खाली साका बसतो. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळून सिलिकेट वापरतात त्याचं एक कारण तिकडचं जड पाणी हेच.

महाराष्ट्र-गोव्यात बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीझचे पैसे कशाला घालवू?

गोठण्यासाठी म्हणून नकोच. गंज रोखायला हवं, ते काम बिनग्लायकॉलच्या अॅडिटिव्हनेही होतं. पण कॅनडात, अमेरिकेच्या उत्तरेला किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाचून नुसत्या पाण्यावर गाडी हिवाळ्यात गॅरेजला लावू नये, पाणी गोठलं की फुगतं आणि ब्लॉकला चीर पाडतं. तिकडे सीझन संपला की एकतर पाणी पूर्ण काढायचं, हेड आणि ब्लॉक दोन्हीतून, नाहीतर ५०:५० भरून इंजिन फिरवून मग झाकायची.

ग्लायकॉल ट्रॅकवर बंद आहे म्हणतात, खरं आहे का?

बऱ्याच ठिकाणी, हो. कारण उष्णतेचं नाही, सांडण्याचं आहे. पाणी सांडलं तर पुसता येतं आणि उन्हात उडून जातं. ग्लायकॉल उडत नाही, डांबरावर तेलकट थर होऊन बसतं, आणि ड्रॅग स्ट्रिपवर चिकट रसायन फवारून जी पकड तयार केलेली असते तिची वाट लावतं. रोड रेसिंगच्या बाइकसाठी एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेच्या नियमांत कूलंट म्हणून पाणी किंवा पाणी आणि इथाइल अल्कोहोल एवढंच चालतं. ड्रॅगमध्ये प्रत्येक आयोजकाचं वेगळं असतं, एंट्री भरतानाच नियमपुस्तिका मागा.

आणि हे फक्त दुसऱ्याच्या भल्यासाठी नाही. रेडिएटर गाडीच्या नाकात असतो. होज सुटला की कूलंट पहिल्यांदा पडतं तुमच्याच चाकांसमोर, ताशी १८० ला. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर ज्या चाकांनी ओढायचं आणि वळवायचं तीच ओली.

कॅच कॅन लागतोच का?

लागतो. कॅच कॅन म्हणजे उतू येणारं कूलंट झेलणारा डबा. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगची संघटना असलेल्या एनएचआरएच्या नियमांत ओव्हरफ्लोसाठी किमान एक पिंटचा, म्हणजे साधारण ४७३ मिलीचा कॅन सक्तीचा आहे. आपल्याकडे स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, कोण किती बघतं तो वेगळा विषय, तुम्ही एक लिटरचा लावा. कोल्ड्रिंकची बाटली केबल टायने बांधून आणणारे महाभाग असतात, उकळतं पाणी आत आलं की ती बाटली मऊ पडून वाकते आणि जे थांबवायचं तेच ट्रॅकवर येतं. अॅल्युमिनियमचा डबा घ्या, ब्रॅकेटवर बोल्टने कसा, वर श्वास घ्यायला भोक ठेवा.

हिरवं, लाल, निळं, गुलाबी, रंगावरून काय ओळखायचं?

काहीही नाही. रंग हा कंपनीने घातलेला डाय असतो, त्याचं कुठलंही जागतिक स्टँडर्ड नाही. जुनं हिरवं बहुतेक वेळा सिलिकेटवालं आयएटी (जुन्या पद्धतीची, अकार्बनी गंजविरोधी रसायनं) असायचं, जनरल मोटर्सने १९९६ पासून केशरी डेक्सकूल आणलं ते ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेली रसायनं), टोयोटाचं गुलाबी आणि होंडाचं निळं हे फॉस्फेटवाले, फोक्सवॅगनचं जी-१३ जांभळट. पण बाजारात कुणीही कुठल्याही रंगात काहीही विकतं, त्यामुळे डब्याच्या मागचं स्पेसिफिकेशन वाचायचं. भारतातल्या डब्यावर आयएस ५७५९ दिसतंय का बघा, जपानी गाड्यांना जेआयएस के २२३४, आणि फोक्सवॅगन-स्कोडाला त्यांचाच नंबर.

दोन वेगळी केमिस्ट्री एकत्र झाली तर दरवेळी जेली होते असं नाही, पण गंज रोखणारी रसायनं एकमेकांना मारतात आणि कधीकधी खरंच चिखल होतो. जुनी पोलो किंवा ऑक्टाव्हिया घेतली असेल आणि बाटलीत तपकिरी काहीतरी दिसत असेल तर आधीच्या मालकाने किंवा त्याच्या गॅरेजवाल्याने मिसळामिसळ केलेली आहे असं समजा. सगळं फ्लश करा, हीटरचा नॉब गरमवर ठेवून, डिस्टिल्ड पाणी स्वच्छ येईपर्यंत.

वॉटर वेटर वगैरे खरंच काम करतात की नुसती बाटली?

काम करतात, जाहिरातीइतकं नाही. रेड लाइनचं वॉटर वेटर, मोतुलचं मोकूल ही त्यातली नेहमी मिळणारी. पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की हेडमधल्या तापलेल्या भिंतीवर वाफेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत, पाणी परत धातूला भिडतं. बाटलीवरचा मोठा आकडा असतो तो नुसत्या पाण्यासोबतचा, ५०:५० मध्ये घातलं तर फरक फार कमी. माझ्या मते याचा खरा उपयोग दुसराच आहे, यात गंजविरोधी रसायनं असतात, त्यामुळे पाणी अधिक ही एक बाटली म्हणजे ग्लायकॉल नसलेलं पूर्ण रेस कूलंट झालं. डोस लिहिलाय तेवढाच, दुप्पट घालून दुप्पट थंड होत नाही.

वॉटरलेस कूलंटबद्दल काय मत?

इव्हान्ससारखं वॉटरलेस १८० डिग्रीच्या वर उकळतं, सिस्टिममध्ये प्रेशर जवळजवळ तयार होत नाही, गंज नाही. ऐकायला भारी. पण उष्णता धरायची ताकद पाण्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आणि वर जाडसर, म्हणजे उकळत नाही हे खरं पण हेडचा धातू पाण्यापेक्षा जास्त गरम राहतो. बूस्टवर, आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर, नॉकिंगची (सिलिंडरमध्ये पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटण्याची) भीती असताना गरम हेड कुणाला हवंय? शिवाय भरताना सिस्टिममध्ये ३ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी राहता कामा नये, ट्रॅकवर होज फुटला तर तिथे वरून पाणी घालून घरी येता येत नाही. आणि तो सगळा ग्लायकॉलच, म्हणजे सांडण्याचा प्रश्न दुप्पट. संग्रहातल्या जुन्या गाडीत ठीक, ड्रॅगला माझ्याकडून नाही.

रेडिएटर कॅपचं एवढं काय महत्त्व?

सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष. कुकरसारखंच आहे, दाब वाढला की उकळायचं तापमान वाढतं. एक पीएसआयला साधारण दीड डिग्री. अॅम्बी व्हॅली समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे उघडं पाणी ९८ लाच उकळतं. १.१ बारची कॅप नीट धरत असेल तर तेच पाणी १२० पर्यंत जातं. आणि कॅपचं रबर कडक होऊन दाब निसटत असेल तर डब्यातलं कितीही महाग कूलंट १०० च्या आसपास उकळ्या फोडणार. म्हणजे कूलंटच्या ब्रँडमधून जास्तीत जास्त पाच-सात डिग्री मिळतात आणि कॅपमधून वीस.

म्हणून १.८ बारची कॅप आणून लावू नका. जुना प्लास्टिक टाकीचा रेडिएटर, हीटर कोअर, होज, यातलं सगळ्यात कमजोर काय ते फुटणार. कंपनीच्या रेटिंगची नवी कॅप, फार तर एक पायरी वरची. आणि गरम असताना उघडायची नाही, हे सांगायची गरज नाही असं वाटतं पण दर इव्हेंटला कुणीतरी हात भाजून घेतोच.

किती तापमानावर लाइनला लावू?

बहुतेक जण ६५ ते ७५ मध्ये लावतात. पाणी थंड असलं की हेड थंड, नॉक कमी, इग्निशन थोडं पुढे ठेवता येतं. पण ५० ला जाऊन बसलात तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन थंड आहे समजून पेट्रोल जास्त देतो, काही गाड्या बूस्ट किंवा आरपीएमही कापतात, आणि फोर्ज्ड पिस्टन असतील तर ते अजून फुगलेले नसतात. ऑइल मात्र गरमच हवं, ८० च्या वर. पाणी गार आणि ऑइल गरम हे जुळवणं हीच खरी कला आहे, त्यासाठी सकाळी गाडी नीट फिरवून आणायची, सगळं तापवायचं आणि मग इंजिन बंद करून फॅनने पाणी खाली आणायचं, ऑइल हळू गार होतं त्यामुळे ते बराच वेळ टिकतं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो ७५ पासून १०५ पर्यंत मधोमध चिकटून बसतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. गाडीच्या ओबीडी (डायग्नॉस्टिक) सॉकेटला लावायचं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल, खरा आकडा समोर.

थर्मोस्टॅट काढून टाकला तर?

गॅरेजवाले सर्रास काढतात. पाणी सगळीकडून सारखं फिरत नाही, काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासही बंद करतो आणि तो नसला की अर्धं पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं, इंजिन गार व्हायच्या ऐवजी गरम. ७१ किंवा ७६ डिग्रीला उघडणारा थर्मोस्टॅट मिळत असेल तर तो लावा. नसेल तर आहे तो राहू द्या.

दोन रनच्या मध्ये पटकन गार कशी करायची?

बॉनेट उघडा, फॅन चालू ठेवा. इलेक्ट्रिक वॉटर पंप असेल तर मजाच आहे, इंजिन बंद आणि पंप-फॅन चालू, पाच-दहा मिनिटांत काम होतं. डेव्हिस क्रेगचे पंप आपल्याकडे मागवतात लोक. फक्त बॅटरी चार्जरला लावा, नाहीतर लाइनला स्टार्टर रडतो. मेकॅनिकल पंप असेल तर रनवरून येताना सावकाश वरच्या गिअरमध्ये या, वारा लागू द्या आणि आल्याबरोबर बंद न करता मिनिटभर चालू ठेवा.

रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा स्प्रे चालतो, पण पिटमध्येच, आणि लाइनला यायच्या आधी खाली गळणारं सगळं पुसून. तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर बादली ओतायची नाही, तडा जातो.

बर्फ वापरायचाच असेल तर तो वॉटर-टू-एअर इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा पाण्याने गार करणाऱ्या) टाकीत घाला. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढ्यात आठ लिटर पाणी दहा डिग्रीने गार होतं. त्या सर्किटमध्ये नुसतं पाणी आणि बर्फ, ग्लायकॉल नको. ते सर्किट इंजिनच्या पाण्यापासून पूर्ण वेगळं असतं, हे एकदा खात्री करून घ्या.

टॉप फ्युएल गाड्यांमध्ये कूलंटच नसतं म्हणे?

नसतंच. ८.२ लिटरचा अखंड अॅल्युमिनियमचा ब्लॉक, आत पाण्याला वाटच नाही. ९० टक्के नायट्रोमिथेन इतकं ओततात की बाष्पीभवनातच बरीच उष्णता जाते, शिवाय रन चार सेकंदांच्या आत संपतो, २००८ पासून तर अंतरही हजार फुटांवर आणलंय. रन झाला की इंजिन अख्खं उघडतात. कमी टोकाच्या काही क्लासमध्ये ब्लॉकमध्ये सिमेंटसारखं फिलर भरून फक्त हेडमध्ये पाणी ठेवतात. हे वाचून आपल्या बलेनोत फिलर भरायला निघू नका, ती गाडी परत घाटातून घरी न्यायचीय.

बाइकवाल्यांनी काय करायचं?

आरएक्स १०० वाल्यांनी हे पान वाचून उगाच वेळ घालवला, ती एअर-कूल्ड आहे. चाकणला बनणारी ड्यूक ३९० किंवा कुठलीही लिक्विड-कूल्ड सुपरबाइक असेल तर वरचे सगळे नियम आणखी कडक, कारण सांडलेलं थेट मागच्या टायरसमोर येतं आणि तुम्ही त्या टायरवर बसलेले असता. पाणी आणि अॅडिटिव्ह, कॅच बाटली, होजच्या क्लिप दर इव्हेंटआधी हाताने हलवून बघायच्या.

दर रनला बाटलीतून कूलंट बाहेर फेकतंय, कूलंट बदलू का?

बदलून काही होणार नाही. नवीन भरल्यानंतर पहिल्यांदा होत असेल तर एअर राहिलीय, गाडीचं नाक उंचावर करून, ब्लीड स्क्रू उघडून, हीटर चालू ठेवून परत काढा. पण ट्यून वाढवल्यावर सुरू झालं असेल, सकाळी गार इंजिन चालू केल्याबरोबर होज दगडासारखा कडक होत असेल, तर बूस्टखाली हेड उचललं जातंय आणि सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. निळ्या पाण्याचा ब्लॉक टेस्टर मिळतो, बाटलीच्या तोंडावर धरून पंप मारायचा, निळं पिवळं झालं की गॅसकेट गेलं. लाइट फूट चालवून टेस्ट केली तर कधीकधी निळंच राहतं, चार-पाच जोरात पुल मारून मग लगेच बघा, कॅप मात्र प्रेशर उतरल्यावरच उघडा. पुढचा खर्च हेड बोल्ट आणि मेटल गॅसकेटचा आहे.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकू?

गटारात आणि पिटच्या गवतात तरी नको. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि थोड्याशानेही किडन्या निकामी होऊन मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, लहान पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, बरेच जण घेतात.